भरतीबाईंचा राहून गेलेला फोन

बटणांच्या कारखान्यात नोकरी मागायला आलेल्या माणसाची अशी समजूत असते की आपल्याला शिक्षण विचारतील, अनुभव विचारतील, फार तर पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल असलं काहीतरी विचारतील. भरतीबाई हे सगळं विचारायच्याच. पण त्याआधी त्या टेबलाच्या खणातून एक स्टीलची वाटी काढायच्या आणि तिच्यातली बटणं उमेदवारासमोर ओतायच्या. दोन भोकांची, चार भोकांची, शर्टाची, कोटाची, पांढरी, तपकिरी, सगळी सरमिसळ. मग "हं, बोला आता," असं म्हणून खुर्चीत मागे रेलून बसायच्या.

त्या बटणांचं करायचं काय, हे त्या कधी सांगत नसत. कुणी बोलता बोलता रंग वेगळे करी, कुणी ओळीत मांडी, कुणी घाबरून हात मांडीखाली घेई. तीन पदव्यांचा एक गृहस्थ आला होता, त्याने कोपराने सगळी बटणं बाजूला सारली आणि मोकळ्या जागेत आपली जाडजूड फाईल ठेवली. त्याला नोकरी मिळाली नाही. दुसरा एक मशीनचा माणूस आला, त्याने सगळी बटणं नीट लावली आणि त्यातलं एक उचलून विचारलं, "हे घेऊ का? माझ्या बाहीचं तुटलंय." त्याला त्याच दिवशी घेतलं, आणि आज तो सगळ्या मशीन विभागाचा मुख्य आहे. ते बटण अजून त्याच्याच एका शर्टाला आहे असं तो शपथेवर सांगतो.

दारावरच्या पाटीवर बाईंचा हुद्दा चांगला दीड ओळ लांब होता, 'मनुष्यबळ विकास' वगैरे. पण पाटी शेवटपर्यंत वाचायला सवड कुणाला आहे? सगळा कारखाना त्यांना भरतीबाईच म्हणे. एकोणतीस वर्षं त्या त्या खुर्चीवर होत्या. अडीचशे माणसांतली पाच-सहा जुनी खोडं सोडली तर प्रत्येक जण त्यांच्या दारातून आत आला होता, आणि कारखान्यातून फेरी मारताना त्यांचा थाट असा असे, जणू इथल्या सगळ्यांची लग्नं त्यांनीच जमवून दिली आहेत. कुणाचं काम बिघडलं की त्या सरळ तोंडावर म्हणत, "मला तोंडघशी पाडू नका हं, तुम्हाला मी निवडलंय."

बाईंची वाटी प्रसिद्ध होती, पण त्यांची खरी खासियत वेगळीच. दर शुक्रवारी दुपारच्या चहानंतर त्या नाकारलेल्या उमेदवारांना फोन करत. स्वतः. एकेकाला. पत्र जायचं ते जायचंच, पण आधी फोन. तरुणपणी एका कचेरीत मुलाखत देऊन त्यांनी तीन महिने टपालाची वाट पाहिली होती, आणि तिथून साधं 'नाही' सुद्धा आलं नव्हतं. ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं. "नाही म्हणायला आपल्याला तोंड आहे ना? मग कागदामागे कशाला लपायचं?" असं त्यांचं म्हणणं. फोनवर त्या कारण सांगत, तेही स्पष्ट. "तुम्ही हुशार आहात, पण तुम्हाला माणसांचा कंटाळा आहे. ही जागा दिवसभर माणसांत बसायची. तुम्ही कुठेतरी गोदामाचं काम बघा, सुखी व्हाल." लोक चिडत, वाद घालत, एखादी मुलगी रडे. पण त्या गोदामवाल्याने दोन वर्षांनी स्वतःच्या लग्नाचं आमंत्रण पाठवलं होतं, आणि बाई आहेर घेऊन गेल्याही होत्या.

हे फोन लावून कोण देई? झेरॉक्सताई.

बाईंच्या खोलीत दोन टेबलं होती, समोरासमोर, मध्ये दोन हातांचं अंतर. दुसऱ्या टेबलावर झेरॉक्सताई. चौदा वर्षांपूर्वी त्या जुन्या कागदांच्या प्रती काढायला तीन महिन्यांसाठी आल्या, म्हणून हे नाव. तीन महिने संपले, कागद संपले, पण त्यांना जा म्हणायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण तोवर त्यांच्यावाचून बाईंचं पान हलेनासं झालं होतं. मुलाखतीच्या तारखा ताई ठरवत, वाटी ताई भरत, पत्रं ताई टाइप करत. कोणत्या दोन माणसांना एका पाळीत घातलं की तिसऱ्या दिवशी भांडण, कुणाच्या कंबरेला उभ्याचं काम झेपत नाही, कुणाची आई आजारी आहे, हे सगळं त्यांना तोंडपाठ. "माझी अर्धी अक्कल समोरच्या टेबलावर बसते," असं बाई चारचौघांत म्हणत आणि सगळे हसत. ताईही हसत. ताईंचं शिक्षण मात्र बारावीला थांबलेलं. आधी वडिलांचं आजारपण, मग लग्न, मग लेकरं, मग राहूनच गेलं.

आता बाईंच्या निवृत्तीला एक महिना उरला, आणि एकाच दिवशी वरून दोन कागद आले. पहिला, बाईंच्या जागेसाठी बाहेर जाहिरात द्यावी. दुसरा, सगळी कागदपत्रं आता संगणकावर गेल्यामुळे सहायकाचं पद महिनाअखेर बंद. म्हणजे बाईंचा आणि ताईंचा शेवटचा दिवस एकच. फरक एवढाच की बाईंना साठ पुरी झाली होती आणि ताईंना पंचेचाळीस, आणि ताईंचा धाकटा अजून शाळेत होता.

बाईंच्या जागेवर ताईंनाच बसवावं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण आडवा येत होता नियम क्रमांक सात. 'अधिकारी पदासाठी पदवी आवश्यक. या अटीत कोणाच्याही शिफारशीने सूट मिळणार नाही.' जाहिरात ताईंनीच टाइप केली, पदवीच्या अटीसकट, एकही चूक न करता. ती स्वच्छ जाहिरात हातात घेऊन बाई कितीतरी वेळ बसून राहिल्या आणि मग पंखा खूप आवाज करतो म्हणून विनाकारण त्याच्यावर चिडल्या.

अकरा उमेदवार आले. एकाने कुठल्याही प्रश्नाला "मला टीममध्ये काम करायला आवडतं" हेच उत्तर दिलं, आणि त्याच्या हातून चार बटणं टेबलाखाली गेली तर वाकूनही पाहिलं नाही. वाकल्या ताई. दुसरीने बटणांचा फोटो काढला. तिसरा बाईंनाच समजावू लागला की माणसं निवडायचं काम आता माणसांनी करायची गरज उरलेली नाही. अकरावी मुलगी खरंच चांगली होती. तिने बटणं लावली, प्रश्नांची उत्तरं दिली, मग जरा घुटमळून म्हणाली, "मॅडम, राग मानू नका. पण तुम्हाला काही आठवेनासं झालं की तुम्ही या ताईंकडे बघता, आणि त्या सांगतात. मग तुम्ही मला कशाला शोधताय?"

त्या शुक्रवारी अकरा फोन झाले. त्या मुलीला फोन करताना मात्र कारण काय सांगावं हे बाईंना सुचेना. "तुम्ही बरोबर बोललात," एवढंच त्या म्हणाल्या.

घरी मास्तर मटार सोलत बसले होते. मास्तर म्हणजे बाईंचे यजमान, भूमितीचे निवृत्त शिक्षक, अजूनही प्रत्येक गोष्ट सिद्ध करून हवी असणारे. बाईंनी पर्स आपटली आणि सगळी कहाणी सांगितली.

"तो नियम केला कुणी?" मास्तरांनी विचारलं.

"मी."

"मग मोडायला तुझा हात कुणी धरलाय?"

बाईंनी चार दाणे तोंडात टाकले आणि अठरा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट बाहेर काढली. अठरा वर्षांपूर्वी कारखान्याचे थोरले साहेब एका सोमवारी त्यांच्या खोलीत आले होते, कपाळाला हात लावून. त्यांच्या बहिणीचा मुलगा पदवीचे दोन विषय राहिले म्हणून घरी बसला होता आणि बहिणीचा हट्ट होता की मामाने भाच्याला अधिकारी करावं. पोरगं अजून कच्चं आहे हे मामांना दिसत होतं, पण बहिणीला नाही म्हणायची हिंमत होत नव्हती. "असा काही नियम काढा," ते म्हणाले होते, "की मला बहिणीला तोंड दाखवता येईल." बाईंनी मंगळवारी नियम क्रमांक सात लिहिला आणि त्यावर आदल्या वर्षीची तारीख टाकली. भाचा मशीनवर लागला, पॉलिशच्या ड्रमजवळ. संध्याकाळी अभ्यास करून त्याने राहिलेले विषय सोडवले, तो वर चढत गेला, आणि आता मामांच्या पश्चात तोच कारखान्याचा मालक होता, सगळ्यांचे धाकटे साहेब.

"हे तू मला सांगितलं नाहीस?" मास्तर म्हणाले.

"तुम्हाला सांगितलं असतं तर मधल्या सुट्टीपर्यंत अख्ख्या शाळेला कळलं असतं."

"तेही खरंच," मास्तरांनी मान्य केलं. "आता मग जाऊन सांग त्याला."

"कसं सांगू? त्याचं आवडतं भाषण आहे हो ते."

आणि होतंच ते तसं. नवी माणसं रुजू झाली की धाकटे साहेब त्यांच्यापुढे उभे राहून सांगत, की मी मालकाचा भाचा, पण नियम क्रमांक सात माझ्यासाठीसुद्धा वाकला नाही, नियम म्हणजे नियम, म्हणून आज मी इथे आहे.  मागे उभ्या असलेल्या भरतीबाई त्या वेळी छताकडे बघत.

दुसऱ्या दिवशी बाई जुनं कपाट उपसून एक पिवळा पडलेला फॉर्म घेऊन साहेबांकडे गेल्या. खुर्चीत बसल्या आणि एका दमात म्हणाल्या, "साहेब, नियम क्रमांक सात तुमच्यासाठी केला होता."

"माझ्या बाबतीतसुद्धा पाळला होता, असं म्हणा," साहेब कौतुकाने म्हणाले.

"नाही. तुमच्यासाठी केला होता. तुमचा अर्ज सोमवारी आला, नियम मंगळवारी झाला. तारीख मी मागची टाकली."

साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं.  त्यांनी विचारलं, "मामांना माहीत होतं?"

"त्यांनीच सांगितलं होतं. तुमच्या आईंना नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती."

"ती अजून कुणाचीच नाही," साहेब म्हणाले, आणि त्यांना थोडंसं हसू आलं. मग ते पुन्हा गंभीर झाले. "अठरा वर्षं मी लोकांना काय सांगत आलो, बाई?"

बाईंनी साहेबांच्या मुलाखतीचा तो पिवळा फॉर्म पुढे सरकवला. बाईंच्याच अक्षरात खाली शेरा होता: 'बटणं वेगळी केली नाहीत. एकावर एक रचून अकरा बटणांचा मनोरा केला. पडला तेव्हा मनापासून हसला आणि पुन्हा रचायला घेतला. मुलगा वाईट नाही. हाताला काम द्यावं.' साहेबांनी तो दोनदा वाचला.

"बारा होती," ते म्हणाले. "एक तुम्हाला दिसलं नसेल." मग चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. "हे तुम्ही सांगितलं नसतंत तरी चाललं असतं. आता निवृत्त व्हायच्या वेळी का सांगताय?"

तेव्हा बाईंनी ताईंचं सांगितलं. "नियम तुमच्यासाठी केला आणि अडकल्या त्या. तुम्ही त्यातून पार पडलात, कारण तुम्हाला संध्याकाळ मोकळी होती. त्यांच्या संध्याकाळी घर होतं."

"मला भाषण बदलावं लागणार," साहेब एवढंच बोलले.

"बदला. तसंही फार लांबतं."

सोमवारी साहेबांनी निर्णय दिला, आणि तो बाईंना हवा होता तसा सरळ नव्हता. एका माणसासाठी केलेल्या नियमाने काय होतं ते बघितलं, साहेब म्हणाले, आता एका माणसासाठी तो मोडायचाही नाही. बदलायचा, तो सगळ्यांसाठी. पदवी, किंवा कारखान्यात दहा वर्षं काम. ज्याला वाटेल त्याने तीन दिवसांत अर्ज करावा, बाहेरच्या अकरांसारखीच मुलाखत, वाटीसकट. मुलाखतीला ते स्वतः, बाई आणि मशीन विभागाचा तो बाहीसाठी बटण मागणारा मुख्य. बाईंना मनातून पटलं, पण तोंडाने त्या "बघू" म्हणाल्या.

नोटीस ताईंनीच फळ्यावर लावली. पहिल्या दिवशी हजेरीवाल्या काकांचा अर्ज आला, जे शेजारच्या खोलीत बसून अडीचशे माणसांच्या वेळा लिहीत. दुसऱ्या दिवशी पॅकिंगच्या सुपरवायझरबाईंचा आला. ताईंचा आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी आडून आडून विषय काढला, दुपारी जरा सरळ काढला, आणि तीन वाजता त्यांचा धीर सुटला.

"ताई, आज शेवटची तारीख आहे."

"हो. नोटीस मीच लावली."

"मग तुमचा अर्ज कुठाय?"

ताई कागदांना भोकं पाडत होत्या. "दोन आलेत. फाईलला लावलेत."

"तुमचा विचारतेय मी."

"माझा नाही."

"का पण?"

"असंच."

हे 'असंच' बाईंना चांगलं ठाऊक होतं. त्यांच्या घरी ते महिन्यातून एकदा तरी निघे, आणि त्याच्या पोटात नेहमी काहीतरी मोठं असे. त्या गप्प बसून राहिल्या. मुलाखतीतही त्या असंच करत. समोरचा आपण होऊन बोलेपर्यंत त्या तोंड उघडत नसत.

शेवटी ताई उठल्या, कपाटातून एक पातळ फाईल काढून बाईंच्या टेबलावर ठेवली आणि आपल्या जागी जाऊन बसल्या. फाईलमध्ये दोन पत्रं होती. एक नऊ वर्षांपूर्वीचं, एक पाच. दोन्ही उपअधिकाऱ्याच्या जागेबद्दल. 'आपल्या अर्जाबद्दल आभार. नियम क्रमांक सातनुसार आपली निवड होऊ शकत नाही, याबद्दल खेद आहे.' पत्रं ताईंच्या नावाची. टाइप केलेली ताईंनी. खाली सही बाईंची.

"ही मी वाचली नव्हती," बाई म्हणाल्या.

"माहितेय. तीस-चाळीस पत्रांचा गठ्ठा होता. दुसऱ्या पत्राच्या वेळी सही करता करता तुम्ही मला विचारलंत, हे पेन कुठून आणलं, छान चालतंय."

बाईंना ते पेन आठवलं. निळं होतं. अजून खणात होतं.

"नकाराचं मला काही वाटलं नाही, बाई," ताई शांतपणे म्हणाल्या. "नियम माहीत होता, तरी अर्ज केला, म्हटलं बघू. पण शुक्रवारी यादीतल्या सगळ्यांना फोन झाले. नंबर मीच लावून देत होते. पहिल्या वेळी माझं नाव यादीत सातवं होतं. सहाव्याशी बोलून झालं आणि तुम्ही म्हणालात, चला, आठवा लावा."

बाईंना ते वाक्य आठवलं नाही, पण आपण ते म्हटलं असणार याबद्दल त्यांना तिळमात्र शंका वाटली नाही. त्या वेळी मनात काय आलं असेल तेही त्यांना कळलं. ताई काय, समोरच तर बसलेली आहे. तिला कसला फोन करायचा? सांगू सावकाश. नऊ वर्षं झाली, आणि ते सावकाश काही उजाडलं नव्हतं. गावभर ज्या गोष्टीसाठी आपलं नाव होतं, ती आपण नेमकी दोन हातांवर बसलेल्या माणसासाठी केली नाही, हे कळल्यावर बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांना मान वर करवेना.

मग त्यांनी फोन उचलला आणि दोन आकडे फिरवले. समोरच्या टेबलावरचा फोन वाजला.

"हॅलो, भरती विभाग," ताई सवयीने म्हणाल्या, आणि मग त्यांनी समोर पाहिलं.

"नमस्कार," बाई फोनमध्ये म्हणाल्या. त्या ताईंकडे बघत नव्हत्या, समोरच्या पत्राकडे बघत होत्या. "मी भरती विभागातूनच बोलतेय. आपण नऊ वर्षांपूर्वी आमच्याकडे अर्ज केला होता. आणि मग पाच वर्षांपूर्वी पुन्हा. त्याबद्दल फोन करायचा राहून गेला."

"हो का," ताई म्हणाल्या.

"आपली निवड झाली नाही. कारण सांगायची आमच्याकडे पद्धत आहे. नियम होता, तो एका मुलाला अडवायला मी केला होता, तुम्हाला अडवायला नव्हे. तो बदलायला मी तेव्हाही जाऊ शकले असते, जशी परवा गेले. गेले नाही." मग बाईंनी उरलेलं बोलून टाकलं. "तुम्ही तिकडे अधिकारी झाला असतात, तर माझ्यासमोर कोण बसलं असतं? माझं नडलं असतं. म्हणून मी तो नियम उकरून काढला नाही. हे खरं कारण आहे. तुमच्यात काहीही कमी नव्हतं."

ताईंनी फोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या ते लपवतही नव्हत्या. "मॅडम," त्या म्हणाल्या, "हे तुम्ही पत्रानेसुद्धा कळवू शकला असतात."

"पत्र तुम्हालाच टाइप करावं लागलं असतं."

ताईंना हसू फुटलं, बाईंनाही, आणि दोघी फोन कानाला लावूनच हसत बसल्या. पलीकडून हजेरीवाले काका डोकावले, दोन बायका समोरासमोर बसून एकमेकींशी फोनवर बोलतायत हे बघून काही न विचारता परत गेले.

"आणखी एक," बाई नाक पुसून म्हणाल्या. "आज पाच वाजेपर्यंत आम्ही एका जागेसाठी अर्ज घेतोय. जमलं तर विचार करा."

"करते," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला. पाचला दहा मिनिटं असताना त्यांनी बाईंच्या टेबलावर अर्ज ठेवला. बाईंनी तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला आणि मगच शिक्का मारला.

मुलाखती दोन दिवसांनी झाल्या. ताई उमेदवार, म्हणून वाटी त्या दिवशी बाईंनी स्वतः भरली, चौदा वर्षांत पहिल्यांदा. हजेरीवाल्या काकांनी बटणं एका रांगेत लावून त्यांची हजेरी घेतली. सुपरवायझरबाईंनी डझनाडझनाचे ढीग केले. मग ताई आल्या, बसल्या, बटणांवरून एकदा हात फिरवला आणि गोंधळून बाईंकडे पाहिलं.

"यात फुटकं बटण नाही."

"कसलं फुटकं बटण?" बाईंनी विचारलं.

"मी दर वेळी एक घालते. भोकाजवळ बारीक चीर गेलेलं. जो ते शोधून बाजूला काढतो आणि विचारतो, त्याच्या फॉर्मवर कोपऱ्यात मी बारीक खूण करते." ताईंना आता अवघडल्यासारखं झालं. "तुम्ही ती बघूनच निवडता ना? मला वाटलं तुम्हाला माहितेय."

ती खूण बाईंनी शेकडो फॉर्मांवर पाहिली होती. त्यांना वाटायचं, ती फाईलला लावल्याची खूण आहे. पण खूण असलेली माणसं त्यांना का कोण जाणे नेहमी जास्त आवडत, हेही त्यांच्या आता लक्षात आलं. एकोणतीस वर्षं मिरवलेल्या आपल्या पारखीचा निदान निम्मा हिशोब तिथल्या तिथे दुसऱ्याच्या नावावर गेला. मशीनचा मुख्य तोंडावर रुमाल धरून हसत होता.

"तुम्ही म्हणायचात, अर्धी अक्कल समोरच्या टेबलावर बसते," धाकटे साहेब म्हणाले. "मला वाटतं पाऊण बसते."

"पाऊण म्हणजे अतीच झालं," बाई म्हणाल्या, पण त्यांनाही हसू आवरेना. त्यानंतर त्यांनी ताईंना पाऊण तास प्रश्न विचारले, एकही सोपा नाही, आणि ताईंना दोन उत्तरं आली नाहीत. ती आली नाहीत असं ताईंनी सरळ सांगितलं. निर्णयाला फार वेळ लागला नाही.

महिन्याचा शेवटचा दिवस नेमका शुक्रवार होता. दुपारी सगळ्यांनी बाईंना निरोप दिला. धाकट्या साहेबांनी नवं भाषण केलं, आणि बारा बटणांच्या मनोऱ्याची गोष्ट ऐकून लोक पोट धरून हसले. मास्तर बाईंना न्यायला आले होते, त्यांनी ते भाषण किती मिनिटांचं झालं ते घड्याळात मोजलं. चहा झाल्यावर बाई खण रिकामा करायला खोलीत आल्या. निळं पेन त्यांनी ताईंच्या टेबलावर ठेवलं, वाटी हातात घेतली आणि म्हणाल्या, "या आता इकडे. बसा तुमच्या खुर्चीवर, मला एकदा बघू दे."

"येते," ताई म्हणाल्या. "आधी दोन फोन आहेत." त्यांनी यादी पुढे ओढली आणि हात फोनकडे नेला. यादीत दोनच नावं होती, पहिलं हजेरीवाल्या काकांचं.

"अहो, ते काय शेजारच्या खोलीत आहेत," बाई म्हणाल्या. "त्यांना कसला फोन? सांगा की सावकाश."

ताई फक्त बाईंकडे बघत राहिल्या.

बाईंनी जीभ चावली. "लावा, लावा," त्या घाईने म्हणाल्या आणि वाटी घेऊन उमेदवाराच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. ताईंनी दोन आकडे फिरवले. भिंतीपलीकडे फोन वाजला आणि काकांचं "हॅलो" भिंतीतूनही ऐकू आलं.

"नमस्कार, काका," ताई म्हणाल्या. "मी भरती विभागातून बोलतेय. तुम्हाला दोन मिनिटं वेळ आहे का?"